माझ्या वाटणीची खतं

आमच्या बिलाच्या माथ्यावर 'श्री' आहे आणि तळाशी पैसे देण्याच्या चार वाटा. बँकेचा खाते क्रमांक, चेक कुणाच्या नावाने काढायचा ते, यूपीआयचा काळा-पांढरा चौकोन आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात रोखीबद्दलची सूचना. 'श्री' बाबांच्या वेळचा. चौकोन माझ्या हट्टाने आला. मधल्या जागेत रोल किती, पास किती, दर, कर, एकूण. त्या मधल्या जागेबद्दल माझी काही तक्रार नाही, तिथली बेरीज जुळते. मला छळणारा प्रश्न दुसराच आहे. बिलाचे पैसे आले म्हणजे ऋण फिटलं का? आणि पैसे सोडून दिले म्हणजे ते सुटलं का?

आधी धंदा सांगते. उरला हे रायपूरच्या उत्तर अंगाला, बीरगाव महानगरपालिकेत. तिथून पुढे बिलासपूरच्या रस्त्याला सिलतरा. स्पंज आयर्नचे कारखाने, भट्ट्या आणि री-रोलिंग मिल. रायपूरकर सकाळी गच्चीवरून जी काळी भुकटी झाडतात, ती आमच्याच बाजूची. आम्ही लोखंड बनवत नाही. मिलमध्ये लालभडक बिलेट दोन रोलांच्या मधून जाते आणि रोलवर कोरलेली खाच तिला आकार देते; कुठे अँगल, कुठे चॅनल, कुठे सळई. या खाचेला पास म्हणतात. पास झिजतो, मग रोल टेम्पोत पडून आमच्याकडे येतो आणि खरादीवर चढतो. आम्ही त्याची कातडी उतरवून पास पुन्हा कापतो. रोलचा व्यास पुरेल तोवर हे चालतं. रोल मिलचा, मेहनत आमची. दादा खरादीपाशी आणि मी टेबलापाशी, अशी बाबांनंतरची वाटणी.

आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत नोकरीला म्हणून भंडाऱ्याकडून इथे आले आणि तात्यापाऱ्यात राहिले. घरात मराठी, धंद्यात हिंदी, कामगारांशी छत्तीसगढी. बाबा चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात कीर्तन असलं की चुकवत नसत आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात तेच घोळवत. त्यामुळे तुकोबा, दामाजीपंत, एकनाथ ही मंडळी मला देवघरात कमी आणि ऑफिसात जास्त भेटली. एकनाथांचं तर बाबांना विशेष कौतुक: देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैची चूक, ती शोधायला रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी यावरून देवाकडे लक्ष लावायला सांगितलं, तो भाग बाबा पटकन उरकायचे. त्यांचा मुद्दा पैपाशी संपायचा.

चौकोन लावला तेव्हा मला वाटलं, आता उधारी मिटणार. छोट्यांची मिटली. वेल्डिंगवाला, पंप दुरुस्त करणारा, शाफ्ट घासून घ्यायला सायकलवरून येणारा पोरगा, हे काम हातात पडण्याआधीच फोन काढतात. मोठ्यांचं पान हललं नाही. तरी एक झालं, सबबी मेल्या. पूर्वी 'चेकबुक खतम है' चालायचं. आता चेकशिवाय तीन वाटा आहेत. 'आज शनिवार है, बँक बंद है' ही सबब डिसेंबर 2019 मध्ये एनईएफटी आणि पुढच्या डिसेंबरात आरटीजीएस चोवीस तास झाली तेव्हा वारली. रोखीची सबब सरकारनेच काढून घेतली: 2017 पासून एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, आणि धंद्यातल्या खर्चापोटी दहा हजारांच्या वर रोख दिली तर देणाऱ्याला ती खर्चात धरता येत नाही. सगळ्या सबबी सरल्यावर एका मिलचे मुनीमजी जे बोलले ते पहिल्यांदाच खरं होतं. 'दीदी, सेठजी का मन नहीं है.'

म्हणजे बिलावरचे पर्याय 'कसे द्यायचे' याचे. 'केव्हा द्यायचे' हा पर्याय बिलावर छापलेला नसतो, आणि तो कायम बलवत्तराच्या हातात असतो. 'द्यायचे की नाही' हा तर कुणी उच्चारतही नाही.

कायद्याने या दुसऱ्या पर्यायाला वेसण घालून पाहिली आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे की लेखी करार असेल तर फार तर पंचेचाळीस दिवसांत, नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. चुकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. हे व्याज मी एकदाही मागितलेलं नाही. उरल्यात माझ्या ओळखीच्या कुणीच मागितलेलं नाही. ज्या दिवशी मागू, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मिलचा टेम्पो जवळच्या भानपुरीतल्या दुसऱ्या खरादीवर उभा असेल. आपल्या जुन्या धर्मशास्त्राला व्याजाची भीती उलट्या बाजूने होती. दामदुपटीचा नियम म्हणजे एका वेळी वसूल करायचं व्याज मुदलापेक्षा जास्त होता कामा नये. हा नियम मनुस्मृतीपासून मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांपर्यंत टिकला. तिथे दुबळा होता ऋणको. उरल्यात मात्र दुबळा धनको आहे, आणि त्याच्यासाठी स्मृतिकारांनी फार काही लिहून ठेवलेलं नाही. नाही म्हणायला मनूने वसुलीचे पाच उपाय सांगितले आहेत: समजावणं, न्यायालय, युक्ती, दारात धरणं धरणं आणि शेवटी बळ. पहिला आणि चौथा बाबांनी आयुष्यभर केला. मिलच्या फाटकाशी लाकडी बाकावर डबा घेऊन बसायचे. माझ्या पिढीत त्याला फॉलो-अप म्हणतात आणि तो खुर्चीवर बसून करतात.

मग 2024 आलं. आयकराच्या कायद्यात तरतूद लागू झाली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरता येणार नाही. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ज्यांनी माझा फोन उचलणं सोडलं होतं ते स्वतः फोन करायला लागले. 'आपका उद्यम नंबर भेजिए.' महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पैसे आले. मला आनंद झाला आणि पाठोपाठ एक कुसळ टोचलं: हे ऋण फेडलं कुणाचं? त्यांनी आयकर वाचवला आणि त्या वाटेत आमचं घर होतं. काँटने 1785 सालच्या पुस्तकात एका दुकानदाराची गोष्ट घातली आहे. तो अडाणी गिऱ्हाइकालाही तोच भाव लावतो, फसवत नाही, पण धंद्याला ते बरं पडतं म्हणून. तेव्हा त्याच्या वागण्याला नैतिक मोल नाही. काँटला महिनाभर माझ्या टेबलावर बसवायला हवं होतं. विसाव्या दिवशी त्याने हेतूची चौकशी सोडली असती आणि मुनीमजींना चहा सांगितला असता. तरीही त्याचा मुद्दा मी झटकू शकत नाही, कारण ती मुदत पाळून पैसे देणाऱ्या सेठजींनी पुढच्या एप्रिलपासून पुन्हा पूर्वीसारखंच केलं. पैसा आला होता. ऋण त्यांच्या मनात कधी उगवलंच नव्हतं, तर फिटणार कुठलं?

आपल्याकडचा ऋणाचा विचार नेमका याच टोकापासून सुरू होतो. तैत्तिरीय संहितेत आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मण हे सगळ्यांनाच लावतं, जो आहे तो ऋणी, आणि त्यात चौथं ऋण घालतं, माणसांचं. घेतलं काहीच नाही, सही केली नाही, तरी खातं उघडलेलं. मला यात मोह पडतो तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रत्येक ऋणाचं चलन ठरलेलं आहे. ऋषींचं अध्ययनाने फेडायचं, देवांचं यज्ञाने, पितरांचं संततीने आणि माणसांचं आतिथ्याने, म्हणजे छप्पर आणि अन्न देऊन. इथे ऋणकोला पर्याय नाही. दहा यज्ञ जास्त केले म्हणून ऋषींच्या खात्यात एक पै जमा होत नाही. अमुक ऋण कशाने फिटेल हे त्या ऋणाच्या जातीवर ठरतं, देणाऱ्याच्या सोयीवर ठरत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की माझ्या बिलाच्या तळाशी असलेल्या चार वाटा एकाच ऋणाच्या चार वाटा आहेत हे दिसतं. खरादीपाशी आठ तास उभ्या राहिलेल्या माणसाचं मिलवर आणखी एक ऋण असतं, बहुधा चौथ्या प्रकारचं. बाबांच्या वेळी मिलमध्ये पास बदलायला गेलेल्या आमच्या माणसाला तिथल्या भोजनालयात ताट मिळायचं. आता फाटकावर रजिस्टरमध्ये नाव, वेळ, मोबाईल नंबर लिहून आत जायचं आणि काम झालं की बाहेर. बिलाचे पैसे उशिरा का होईना येतात, ताट बंद झालं. आणि ताटाची थकबाकी थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर नोंदवता येत नाही.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती मला धंद्यानेच शिकवली. सायकलवरच्या त्या पोराचं नाव मला माहीत नाही. तो येतो, चौकोन स्कॅन करतो, टिंग वाजतं, जातो. आमच्यात काही उरत नाही. ज्यांची उधारी आहे त्यांच्या मात्र घरातल्या बारशांपासून बायपासपर्यंत सगळं मला ठाऊक. उरल्याचा अलिखित रिवाजच आहे की चालू खातं कधी पूर्ण कोरं करायचं नाही. दिवाळीत हिशेब मिळवतात, तेव्हाही दोन-चार हजार मुद्दाम मागे ठेवतात. एखाद्याने पैन् पै चुकती केली की दादा म्हणतो, 'गेला हा.' आणि बहुतेक वेळा तो जातोच. ऋणानुबंध म्हणतात तो हाच असेल तर मोक्षाची कल्पना मला जरा धसकाच देते. सगळी देणी-घेणी संपलेला जीव पुन्हा येत नाही म्हणतात. मला तो खातं बंद करून भानपुरीला गेलेल्या गिऱ्हाइकासारखा दिसतो. आईला हे बोलले तर ती म्हणाली, वारकऱ्याला मोक्ष नकोच असतो, त्याला पुन्हा पुन्हा यायचं असतं. तिने हे इतक्या सहज सांगितलं की मी पुढे वाद घातला नाही.

आता दामाजीपंत. मंगळवेढ्यात दुष्काळ पडला, पंतांनी बीदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी खुलं केलं. बादशहाचं बोलावणं आलं. पंत पोचायच्या आधी विठू महाराच्या रूपात विठ्ठल दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. ती पावती पंतांना पोथीत सापडली, अशी परंपरा. लहानपणी मला चमत्कार वाटायचा तो पैशांचा. आता पावतीचा वाटतो. देवाला पावती कशाला हवी? पण देवाला दरबार माहीत होता. दिलेल्या पैशाचा कागद नसेल तर पंतांची मान पुन्हा अडकली असती.

मला हा विठू दर महिन्याला भेटतो. बँकेच्या उताऱ्यात अनोळखी नावाने रक्कम येते. मिलमालकाच्या जावयाच्या फर्मकडून, मुनीमजींच्या स्वतःच्या खात्यातून, कधी कुणा ट्रान्सपोर्टवाल्याकडून. कोणत्या बिलाची ते कळत नाही. मी ती सस्पेन्स खात्यात टाकते आणि फोन करत बसते. कायदा इथे दामाजीपंतांच्या बाजूचा आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 41 सांगतं की तिऱ्हाइताने केलेली पूर्तता धनकोने स्वीकारली, तर मग मूळ ऋणकोवर दावा करता येत नाही. बादशहाचं खातं मिटलं. पण कथा तिथे थांबत नाही. पावती पाहिल्यावर पंतांना हायसं वाटत नाही. आपल्यापायी विठ्ठलाला दरबारात उभं राहावं लागलं म्हणून ते व्याकूळ होतात आणि बादशहाची चाकरी सोडून देतात. पैसे भरले गेले तेव्हा ऋण संपलं नव्हतं, त्याने फक्त धनको बदलला होता, आणि नव्या धनकोचं चलन मोहरांचं नव्हतं. माझ्या पहिल्या प्रश्नाचं याहून चोख उत्तर मला कुठल्या ग्रंथात मिळालेलं नाही.

दुसरा प्रश्न, सोडून देण्याचा, जास्त अवघड आहे. त्याच्याकडे जाण्याआधी बाबांची वही. ते 2013 मध्ये गेले. वहीत शहरातल्या एका जुन्या हत्यारवाल्याचे एकेचाळीस हजार निघाले, 2008 चे; कार्बाईडच्या टिपा आणि टूलचे. दादा म्हणाला, मुदत गेली. खरं होतं, उधारीच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत. मी आमच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, मुदतीचा कायदा वसुलीचा दरवाजा बंद करतो, ऋण मारत नाही. तुम्ही उद्या फेडण्याचं लेखी वचन सहीनिशी दिलंत तर ते पुन्हा उभं राहतं. मुदत संपलेलं ऋण म्हणजे मागता येत नाही पण असतं. कायद्याच्या पुस्तकात इतकी आध्यात्मिक गोष्ट लपून बसली असेल याची मला कल्पना नव्हती.

धर्मशास्त्र इथे रोखठोक होतं. बापाचं ऋण मुलाने आणि नातवाने फेडायचं. दारू-जुगाराचं असेल तर नाही. मुलीचं नाव त्यात नाही. इंग्रजी न्यायालयांनी हे पुत्राचं पवित्र कर्तव्य म्हणून चालवलं आणि स्वतंत्र भारतातही ते चाललं, 2005 पर्यंत. त्या वर्षी 9 सप्टेंबरला हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती अमलात आली. तिच्या ज्या सहाव्या कलमाने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क दिला, त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाने सांगितलं की यापुढच्या कर्जासाठी केवळ या पवित्र कर्तव्याच्या आधारावर मुला-नातवाविरुद्ध दावा न्यायालय मान्य करणार नाही. मी घरात शिरले आणि त्याच दाराने शास्त्र बाहेर पडलं. याबद्दल संसदेचे आभारच मानायला हवेत, पण मला राहून राहून वाटतं की मुलीला वाटा देताना ते कर्तव्यही तिच्या पदरात घालून पाहायला हरकत नव्हती. आम्ही ते घेतलं असतं.

हत्यारवाले म्हातारे झाले होते, दुकान नातू बघत होता. मी चेक काढू की ट्रान्सफर करू विचारलं. ते म्हणाले, माझं खातं बंद झालं, नातवाच्या नावावर टाक. मेलेल्या बापाचं देणं मुलीने दिलं आणि म्हाताऱ्याचं येणं नातवाने घेतलं; मूळ व्यवहारातला एकही माणूस त्या व्यवहारात नव्हता. व्याजाचं विचारलं तर म्हणाले, 'तुम्हारे बाबूजी ने कभी भाव नहीं तुड़वाया.' नातवाने मात्र लगेच टिपांचं नवं दरपत्रक पुढे केलं. त्याचं बरोबर होतं.

आणि आता बंद पडलेली मिल. 2024 च्या जुलैअखेरीला वीजदरवाढीविरुद्ध छत्तीसगडातल्या पोलाद कारखान्यांनी उत्पादन थांबवलं होतं ते पुष्कळांना आठवत असेल. मोठ्यांनी पुन्हा भट्ट्या पेटवल्या. काही छोट्यांना ते जमलं नाही. त्यातली एक मिल आमचं जुनं गिऱ्हाईक. तीन बिलं अडकली. मालक गृहस्थ माणूस. फोन टाळला नाही, खोटं बोलला नाही, फक्त म्हणाला की नाही आहेत.

आईने एका वाक्यात निकाल दिला, 'तुकोबांनी खतं इंद्रायणीत सोडली, तू तीन बिलं धरून बसलीस.' घरात यावर चारेक दिवस बोलणं चाललं. मी बाबांकडून ऐकलेली कथा आठवून पाहिली. 1630 च्या आगेमागे महाराष्ट्र दुष्काळाने होरपळला, त्यानंतरची ही गोष्ट. तुकोबांच्या घरी सावकारी होती, लोकांकडून लिहून घेतलेली खतं होती. ती नदीत सोडायची म्हटल्यावर धाकटा भाऊ कान्होबा आडवा आला: तुम्ही विरक्त, मला संसार आहे. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. अर्धी कान्होबाला दिली. बुडवली ती आपल्या वाटणीची. कीर्तनात सगळा जोर बुडवण्यावर असतो, वाटणीवरून बुवा भरभर पुढे जातात. मला वाटतं तिथेच थांबायला हवं. तुकोबांसारखा तुकोबासुद्धा दुसऱ्याच्या हिश्शाचं येणं माफ करत नाही. (आणखी एक: पुढे त्याच इंद्रायणीत अभंगांच्या वह्या बुडवल्या त्या तरल्या. खतं तरल्याचं कुणी सांगितलेलं नाही.)

म्हणून मी ती तीन बिलं घेऊन बसले आणि त्यातली माझी खतं कुठली ते शोधू लागले. सगळ्यात वर कर. तो सरकारचा, गिऱ्हाइकाने दिला नाही तरी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आम्ही भरून मोकळे झालेलो, आणि बिल बुडालं म्हणून तो परत मिळत नाही. मग खरादीवाल्यांचा पगार. वीज. टिपा. क्रेनवाल्याचे. उरलं ते दादाचं आणि माझं; त्यातलं निम्मं दादाचं, आणि त्याला संसार आहे. शेवटी माझ्या नावावर जी रक्कम राहिली ती बुडवायला इंद्रायणी नको आणि आमची खारूनही नको, हात धुवायचं बेसिन पुरे.

दादाने इथे मला पकडलं. म्हणाला, ते सगळे तर आपण देऊन बसलो. कर भरला, पगार झाले. आता तोटा पूर्ण आपला, तर सोडण्याचा हक्कही पूर्ण आपला. युक्तिवाद पक्का होता आणि मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. मग पगाराचं रजिस्टर उघडलं. त्या वर्षी दिवाळीचा बोनस आम्ही कमी दिला होता. बोनसच्या कायद्यात बसण्याइतकी माणसं आमच्याकडे नाहीत. आमच्याकडे तो बाबांनी लावलेला रिवाज. त्या दिवाळीत 'पार्टी अटकली आहे' असं सांगून निम्म्यावर आणला होता. कुणी तक्रार केली नाही. म्हणजे त्या मिलची थकबाकी आमच्या सहा खरादीवाल्यांनी आधीच थोडी-थोडी भरली होती, त्यांना न विचारता. त्यांच्या खिशातून गेलेलं मी माझ्या उदारपणाने माफ करणार आणि आई ते तुकोबांच्या नावावर जमा धरणार!

क्षमा हा संताचा गुण आहे हे मला मान्य आहे. पण धंद्यातलं येणं क्वचितच एकट्याचं असतं. ते माफ करायला निघालेल्या माणसाने आधी ते कुणाकुणाचं आहे याची वाटणी करावी, आणि ही वाटणी फार कंटाळवाणी, रजिस्टरं उलटण्याची गोष्ट आहे. देशपातळीवर कर्जं माफ होतात, निर्लेखित होतात, तेव्हा ती कुणाच्या वाटणीची होती हे विचारणारा कान्होबा तिथे दिसत नाही. आई अजूनही म्हणते की मी तुकोबांना मुनीम करून टाकलं. असेल. पण ते सावकाराच्या घरचे होते. वाटे कसे घालतात हे त्यांना शिकवावं लागलं नसणार.

मी मालकांना तसं कळवलं. माझा हिस्सा सोडला, दादाने बराच विचार करून त्याचा निम्मा सोडला, बाकीचा आकडा लिहिला आणि तो कुणाचा आहे हेही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, 'आठ रोल तुमच्याच शेडमध्ये पडले आहेत, ठेवून घ्या.' हा पर्याय आमच्या बिलावर कधी नव्हता, पण कायद्यात आहे. ज्या मालावर काम केलं तो मेहनतान्यापोटी अडवून धरण्याचा हक्क कारागिराला करार कायद्याचं कलम 170 देतं. आम्ही तो कधी वापरला नव्हता. बाबा म्हणायचे, गिऱ्हाइकाचा रोल अडवला तर त्याची मिल थांबते, मग तो पैसे कुठून देणार? ही मिल थांबलेलीच होती.

रोल त्यांच्या मापाचे, दुसऱ्या मिलला चालणारे नाहीत. म्हणजे भंगार. दोघांवर तर पास कापून झालेले, आमच्याच माणसाच्या हातचे, एकदाही मिलवर न चढलेले. तो म्हणाला, 'दीदी, ये दो मत बेचो.' मी विचारलं, ठेवून करू काय. त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडे जागा नव्हती. शिवाय मालकांची जीएसटी नोंदणी रद्द झालेली. ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं की त्यावरचा कर घेणाऱ्याने उलट्या मार्गाने भरायचा, तेव्हा तोही आमच्याच अंगावर. त्याची वजावट पुढे मिळेल म्हणतात. भंगाराचे जे येतील त्यातून आधी बोनसची तूट, मग क्रेनवाला, मग दादा, असा क्रम मी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे आणि सहाही जणांना वाचून दाखवला आहे. एकाने विचारलं, दर पडला तर? तर तुटीतही सगळ्यांचा वाटा सारखा, असं ठरलं. गुरुवारी सकाळी आठला दादाने धर्मकाट्यावर वेळ घेतली आहे. उशीर केला की तिथे सिलतऱ्याच्या ट्रकांची रांग लागते.